मावशीचं शिफारसपत्र

अर्जकाकांचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीवर एक घड्याळ, जे पाच मिनिटं पुढे ठेवलेलं, कारण लोक अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला येतात. कचेरी आणि मोठं हॉस्पिटल यांच्या मधल्या रस्त्यावर तीस वर्षं बसून काकांनी लोकांचे अर्ज टाइप केले. बदलीचे, रजेचे, नळजोडणीचे, वारसनोंदीचे. एकदा तर एका गृहस्थाचा माफीचा अर्ज, तोही स्वतःच्या सासऱ्याला. कोणत्या साहेबाला नुसती 'नम्र विनंती' पुरते आणि कोणापुढे 'आपण थोर मनाचे आहात' इथपर्यंत जावं लागतं, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. इंग्रजीही त्यांनी असंच अर्जांतून कमावलेलं. बोलताना जरा कागदी वाटायचं, पण अडायचं नाही.

तर असे हे अर्जकाका. पण गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या बायकोची आहे. काकांना विचारलंत तर तेही हेच म्हणतील, हल्ली जरा जास्तच मोठ्याने म्हणतात.

त्यांची बायको समोरच्या हॉस्पिटलात तंत्रज्ञ. पदविका घेतलेली, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. तरी सगळं हॉस्पिटल तिला 'मावशी' म्हणतं, कारण पांढऱ्या कोटात असून जी बाई डॉक्टर नाही ती मावशी, असा तिथला अलिखित कायदा. काकांना याचा राग यायचा. तिला नाही. "मावशी तर मावशी. लोक काम ओळखतात ना, मग झालं," म्हणायची.

काम काय, तर ऑपरेशनमध्ये काढलेला किंवा सुईने घेतलेला माणसाच्या अंगाचा तुकडा तिच्या विभागात येतो. तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा. मग यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे, इतके पातळ की एका केसाच्या जाडीत वीस मावावेत. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचा, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचा, रंगवायचा, आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा. काप फाटला किंवा त्याला घडी पडली तर डॉक्टर भलतंच वाचणार, आणि ते भलतं कागदावर येऊन कोणाच्या तरी घरी जाणार. मावशीच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असायचं. त्यात ठोकळ्याचा नंबर, कापणाऱ्याचं नाव आणि पुढे 'दोष' असा एक रकाना. घडी, चीर, बुडबुडा, आणि पुन्हा काय केलं ते. कोणी तो रकाना कोरा ठेवून पान भरून आणलं की मावशी ते पान परत करायची.

"दोष नसलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही," ती म्हणायची. "दोष लपवलेलं काम पुष्कळ पाहिलंय."

अशा बाईच्या हाताखाली अडीच वर्षांपूर्वी एक मुलगी आली. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी काप काढायला शिकायचं होतं. आल्या दिवशी तिने शंभर काचांचा खोका पाडला. दुसऱ्या दिवशी गरम मेणात बोट घातलं. तिसऱ्या दिवशी मावशीने तिचं नाव वेंधळी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की हजेरीपटाखेरीज तिचं खरं नाव कुठे उरलंच नाही.

पण वेंधळी चिवट होती. सकाळी मावशीच्या आधी हजर, दुपारी डबा तसाच, संध्याकाळी मान मोडेपर्यंत पात्यासमोर. आठ महिन्यांत तिचा हात बसला. पदवी झाल्यावर त्याच विभागात हंगामी तंत्रज्ञ म्हणून राहिली, आणि डोक्यात एकच खूळ: परदेशात जाऊन डॉक्टरेट करायची. माणसाच्या यकृतावर व्रण का धरतात आणि ते परत फिरवता येतात का, हे शोधायचं. बरं, हिच्या घराण्यात सगळ्यात लांब राहायला गेलेलं माणूस कोण, तर दोन स्टेशनं पलीकडे दिलेली आत्या.

वेंधळीने सहा विद्यापीठांत अर्ज करायचं ठरवलं. परदेशी विद्यार्थी म्हटलं की कागदांना अंत नाही. गुणपत्रिका, त्यांची भाषांतरं, इंग्रजीची परीक्षा, 'मला हे का शिकायचंय' याचं दोन पानी निवेदन, आणि सगळ्यांच्या वर तीन शिफारसपत्रं. पत्र देणाऱ्याने ते स्वतः विद्यापीठाकडे पाठवायचं, विद्यार्थ्याने पाहायचं नाही, असा तिकडचा नियम. आणि इकडचा नियम? प्रबंधाचे मार्गदर्शक मोठे सर म्हणाले, "तूच लिहून आण गं, मी माझ्या मेलवरून पाठवतो." दुसरे सर म्हणाले, "मोठ्या सरांना जे दिलंस तसंच मलाही दे, जरा फिरवून."

आता लिहून आणायचं म्हणजे अर्जकाकाच. काकांनी हात चोळले. अत्यंत हुशार, कष्टाळू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कामाला वाघ. जेवढी विशेषणं इंग्रजीत येत होती तेवढी सगळी एका पत्रात ओतली, आणि दुसऱ्या पत्रात तीच खालीवर करून लावली. वेंधळी लाजून म्हणाली, "काका, एवढं मी नाहीये हो." काका म्हणाले, "अगं, अर्जात माणूस आहे तेवढा लिहिला तर नळसुद्धा मिळत नाही."

तिसरे सर बदली होऊन गेले ते गेलेच. मेल नाही, फोन नाही. मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा वेंधळी मावशीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, तिसरं पत्र तुम्ही द्याल?"

"मी? शुद्धीवर आहेस का? माझ्या पत्राला कोण कुत्रं विचारणार?"

"फॉर्ममध्ये लिहिलंय, तुमचं काम जवळून पाहिलेली व्यक्ती. डॉक्टरच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि माझं काम तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?"

मावशीने पुढचा ठोकळा पात्यावर लावला. पण त्या संध्याकाळी घरी कणीक मळता मळता थांबून ती काहीतरी कागदावर लिहीत होती, आणि काकांनी डोकावलं तर पिठाच्या हाताने तिने कागद उलटा केला.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून नवरा-बायको कॉम्प्युटरसमोर बसले. मावशी मराठीत वाचणार, काका इंग्रजीत टाइप करणार. मावशीने चष्मा लावला आणि सुरू केलं.

"लिहा. पहिल्या दिवशी हिने शंभर काचा फोडल्या."

काकांची बोटं थांबली. "काय लिहू?"

"शंभर काचा. पुढे लिहा, पहिल्या तीन महिन्यांत दहापैकी सात कापांना घडी. सहाव्या महिन्यात दहापैकी दोन. आता शंभरात एक."

"अगं, हे शिफारसपत्र आहे की फिर्याद?"

"तुम्ही टाइप करा."

"लोक पत्रात चांगलं लिहितात, बये! मी तीस वर्षं हेच करतोय. तू तर पोरीच्या मुळावर उठलीस."

"तुमचे अर्ज साहेब वाचतो का? शिक्का मारतो आणि ठेवून देतो. हे पत्र वाचणारी माणसं माझ्या धंद्यातली आहेत. त्यांना घडी म्हणजे काय ते कळतं."

आणि मग ती अकरा काचांवर आली. प्रबंधाच्या वेळी वेंधळीने उंदरांच्या यकृताचे काप काढले होते, काही औषध दिलेले उंदीर, काही न दिलेले. त्यातल्या अकरा काचांवर नंबरांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या. त्या चुकीने औषधाचा गुण होता त्याच्या दुप्पट दिसू लागला. मोठे सर हरखून गेले, निकाल परिषदेत मांडायचं ठरलं. चूक कोणाच्या ध्यानीमनी नाही, मावशीच्याही नाही. तीन दिवसांनी वेंधळी आपणहून आली, रजिस्टर उघडलं, स्वतःच्या हाताने दोषाच्या रकान्यात अकरा नंबर लिहिले, आणि सरांना सांगून आली. दोन दिवस पुन्हा काप काढले. झकास निकाल गेला, साधाच राहिला. सर महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

"हे कशाला?" काका अक्षरशः कळवळले. "झाकली मूठ ठेव ना!"

"हे नसेल तर पत्रच नको."

शेवटची तीन वाक्यं तिने कागद न बघता सांगितली. "ती चुकते. चुकली की सांगते. तिला घ्या."

काकांनी टाइप केलं. मध्येच हळूच एक 'मनमिळाऊ' घुसवायचा प्रयत्न केला. मावशीचं इंग्रजी जेमतेम, पण कापात नको ते धूळकण शोधणारे डोळे ते. तिने बोट ठेवलं, "हे मी म्हटलेलं नाही," आणि तो शब्द काढायला लावला. पत्र गेलं.

मग नकार यायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. 'आपला अर्ज उत्तम होता, परंतु.' अर्जकाकांना 'परंतु'चा अर्थ कोणी सांगायला नको होता. तिसऱ्या नकाराच्या दिवशी वेंधळी कसला तरी कागद छापायला दुकानात आली आणि तोंड पाडून बसली. काकांना राहवेना.

"तरी मी तिला सांगत होतो," ते बोलून गेले, "त्या अकरा काचांचं लिहू नकोस म्हणून."

वेंधळीचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशींनी ते लिहिलं?"

पुढे काका सारवासारव करत राहिले, पण बाण सुटला होता. दुसऱ्या दिवसापासून ती विभागात खाली मान घालून काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची. डबा खायला बाहेरच्या बाकावर जायची. चौथा नकार आला, पाचवा आला. मावशीने घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं.

"सांगितलंत ना तिला? तुमच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!"

"मग काय खोटं सांगितलं?" काकाही तापले. "पाच ठिकाणी पोरीचं घोडं कुठे अडलं? तुझ्या खरेपणात! तुझं रजिस्टर हॉस्पिटलात ठेव, पोरीच्या आयुष्यात कशाला आणलंस?"

मावशी उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकांनी तिला भांडणात हरलेली कधी पाहिली नव्हती. जिंकून त्यांना मुळीच बरं वाटलं नाही. मग ती म्हणाली, "माझं चुकलं असेल तर तिला मी काय तोंड दाखवू हो?" यावर काकांकडे एकही विशेषण नव्हतं.

सहाव्या विद्यापीठाने मात्र नकार पाठवला नाही. त्यांनी वेंधळीची मुलाखत घेतली, आणि चार दिवसांनी मावशीच्या नावाने मेल आला. तिकडच्या प्राध्यापक बाईंना पत्र लिहिणाऱ्या तंत्रज्ञांशी पंधरा मिनिटं बोलायचं होतं. दुभाषा चालेल म्हणाल्या.

सकाळी साडेआठला दुकानात दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मावशी ड्यूटीवर जायच्या कपड्यांत, पर्स मांडीवर घट्ट धरून. पडद्यावर पिकल्या केसांची, बारीक चेहऱ्याची बाई आली. मागे फळीवर ठोकळ्यांचे खोके रचलेले दिसले आणि मावशी जरा सैल झाली.

प्राध्यापक बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "या मुलीची तीन पत्रं आली. त्यातली दोन बहुधा एकाच माणसाने लिहिलीत. ती वाचून मला मुलगी दिसलीच नाही. त्या दोन पत्रांमुळेच हा अर्ज आम्ही बाजूला ठेवणार होतो."

आता हे वाक्य भाषांतर करून बायकोला सांगायचं कोणी, तर त्याच माणसाने. काकांच्या कपाळावर घाम आला. पण त्यांनी सांगितलं, शब्दन् शब्द सांगितलं, आणि वर स्वतःहून म्हणाले, "अगं, ती दोन माझी." मावशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच, पण पुरे झालं.

मग बाईंनी कापांचे प्रश्न विचारले. पाणी किती कोमट ठेवता, शंभरात एक घडी हा आकडा कुठून आला, अकरा काचांची चूक मुलीने सांगितली नसती तर कळली असती का. मावशी भराभर उत्तरं देत होती. काही ठिकाणी तर काकांच्या आधी त्या दोघींचं एकमेकींना कळत होतं. मावशीने हवेत बोटांनी काप उचलून दाखवला आणि पलीकडची बाई हसून मान हलवू लागली. काका मधल्यामध्ये मुंडी फिरवत राहिले.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे तिच्या हातात आजारी माणसांचे तुकडे येतील. एकेक तुकडा एकदाच मिळतो. तुमच्या घरच्या कोणाचा असता, तर तुम्ही तिच्या हातात दिला असता?"

काकांनी मावशीला सांगितलं. मनात त्यांनी उत्तर तयारही ठेवलं होतं: निःसंकोचपणे, पूर्ण विश्वासाने.

मावशी म्हणाली, "दिलाय."

"'दिला असता' असं म्हणायचंय का तुला?"

"नाही. दिलाय. मागच्या वर्षी, माझाच." ती पडद्याकडेच बघत बोलत होती. "छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुईने तुकडा घेतला, तो आमच्याच विभागात आला. टेबलावर येतो तेव्हा त्याला नुसता नंबर असतो, नाव नसतं. आपलं आपण कापायचं नाही, हात हलतो. त्या दिवशी कामावर आम्ही पाच जण होतो. दोघं माझ्याहून जुने. माझा नंबर मला ठाऊक होता, मी तो ठोकळा उचलून हिच्या पुढ्यात ठेवला. गाठ साधी निघाली. तिला अजून माहीत नाही. सांगा त्यांना."

काकांना काही सांगता येईना. त्यांना आठवला मागच्या वर्षीचा तो आठवडा. बायको दोन दिवस 'डोकं दुखतंय' म्हणून आडवी होती, आणि आपण चहाला उशीर झाला म्हणून कुरकुर केली होती. आठ दिवस ही बाई छातीत भीती दडवून आपल्या शेजारी जेवत होती, दुकानाच्या गमतीजमतींना हसत होती, आणि आपण आपल्याच विशेषणांत मश्गूल.

"अहो," मावशी हळूच म्हणाली, "त्या थांबल्यात."

मग काकांनी सांगितलं. त्यांचं ते कागदी इंग्रजी, पण त्या दिवशी त्यात एकही फुकटचा शब्द नव्हता. ती म्हणते, आधीच दिला आहे. स्वतःचा. मुलीला माहीत नव्हतं. एवढं बोलून त्यांनी झेरॉक्सच्या मशीनकडे तोंड फिरवलं. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला. मग फक्त "धन्यवाद" म्हणाल्या.

पडदा काळा झाल्यावर काका उसळले. "मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे तुझा? अर्ज टाइप करणारा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून माझ्या तोंडाकडे बघत बसला असतात. मला कोणीतरी रोजच्यासारखं कुरकुरणारं हवं होतं घरात."

काकांना राग आला, रडू आलं, आणि त्या दोन्हींच्या वर आला तो अभिमान. असा की रस्त्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगावं, ही बघा, ही माझी बायको. सांगितलं मात्र नाही. तिच्या पर्सचा पट्टा नीट करून दिला आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत दारात उभे राहिले.

नऊ दिवसांनी संध्याकाळी मावशी दुकानात बसलेली असताना वेंधळी धावत आली, पायरीला अडखळली, आणि हातातला कागद काकांच्या टेबलावर आपटला. प्रवेश मिळाला होता. पाच वर्षं, पूर्ण शिष्यवृत्ती. ती हसत होती आणि नाक पुसत होती.

"मावशी, मी महिनाभर तुमच्याशी नीट बोलले नाही. मला वाटलं, तुम्हीच माझं..."

"पुरे. काकांच्या टेबलावरचं पाणी सांडशील."

"पण त्या मॅडमनी लिहिलंय, तुमच्या एका उत्तराने निर्णय झाला म्हणून. काय सांगितलंत तुम्ही?"

मावशी म्हणाली, "काही नाही, खरं तेच." पण काकांना ते सहन होईना. या वेळी मात्र तोंडाच्या खाजेपायी नाही. पोरीला तिच्या हाताची किंमत कळायला हवी असं त्यांना मनापासून वाटलं.

"त्यांनी विचारलं, घरच्या माणसाचा तुकडा या मुलीच्या हातात द्याल का. ही म्हणाली, दिलाय, माझाच. मागच्या वर्षी तू कापलास, पोरी. तुझ्याच काचेवर डॉक्टरांनी वाचलं की हिला काही झालेलं नाही."

"अहो!" मावशी ओरडली.

वेंधळी खुर्चीत बसली. मग घाबऱ्या आवाजात तिने विचारलं, "कोणता? कोणत्या तारखेचा? मी तेव्हा नीट कापला होता ना?"

"कोणता ते कशाला हवंय तुला?" मावशी म्हणाली. "काही वेगळा कापला असतास का?"

वेंधळी विचारात पडली. खरंच विचारात पडली. बोटं मांडीवर हलत होती, जणू वर्षभराचे सगळे ठोकळे ती मनात पुन्हा पात्यावर लावून बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळे तसेच कापले होते."

"मग झालं तर," मावशी म्हणाली, आणि नाक पुसायला तिने स्वतःचा रुमाल तिच्याकडे टाकला.